जळगांव ते धुळें : एका सायकलीच्या निमित्तानें

आमची एक पुतणी इंग्लंडांत नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तिचें जें पत्र आलें (पत्र म्हणजे आतां कागदाचें नव्हे, दूरध्वनीच्या पडद्यावरचें) त्यांत एका सायकलीचा फोटो होता. ही सायकल तिनें बाजारांतून विकत घेतली नव्हती, कीं तिला कोणी भेटही दिली नव्हती. ती तिच्या कचेरीनें घेतली होती, आणि बारा महिने पगारांतून थोडी थोडी रक्कम कापून घेण्याच्या बोलीवर तिला वापरावयास दिली होती. तिकडे १९९९ च्या वित्त-कायद्यापासून ही सोय आहे. कामावर सायकलीनें जाऊं इच्छिणाऱ्या नोकरास मालकानें सायकल घेऊन द्यावी. हप्ता कर आकारण्यापूर्वींच्या पगारांतून कापावा, म्हणजे तेवढ्या रकमेवरील कर वांचतो. मुदत भरेपर्यंत सायकल मालकाची व नोकर तिचा भाडेकरू. पुढें किरकोळ किंमत देऊन ती आपली करून घ्यावी, असा तिचा सर्वसाधारण घाट. अट एवढीच कीं, सायकलीचा बहुतेक उपयोग कामावर जाण्यायेण्यास व्हावा.

पत्र रात्रीच्या पंगतींत वाचून झालें. तेव्हां तिचा धाकटा भाऊ ताटावरूनच म्हणाला, "काका, मलाही अशीच एक घ्यायची आहे." त्याबरोबर वाढणाऱ्या व जेवणाऱ्या सर्वच मंडळींचे हात क्षणभर थांबले. सायकलीसारख्या गरीब वाहनाच्या नांवानें भरल्या घरांत असें कां व्हावें, हें सांगावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

आमचें मूळ बिऱ्हाड धुळ्याचें. खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. आमचे आजोबा पश्चिम खानदेशच्या कलेक्टर कचेरींत कारकून होते, आणि १९३८ सालीं त्यांनीं कचेरींतून उचल घेऊन विलायती सायकल घेतली. पगारांतून दरमहा पांच रुपये वजा होत. आजी त्या पांच रुपयांचा हिशेब पुढें तीस वर्षें सांगत असे, आणि त्या सालीं घरांत काय काय आलें नाहीं त्याची यादी तिला तोंडपाठ होती. म्हणजे विलायतेंतील ही नवी सोय आमच्या घरीं जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वींच येऊन गेली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. करांत सूट मात्र आजोबांस मिळाली नव्हती. सरकारी नोकरांची ही सायकल-उचल पुढें पुष्कळ वर्षें चालू राहिली. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारनें बहुतेक बिनव्याजी उचली बंद केल्या, तींत तीही गेली. सायकल-भत्ता मात्र पोस्टांतील व रेल्वेंतील कांहीं नोकरांसाठीं राहिला, आणि २०१७ सालीं तो दरमहा ९० रुपयांचा १८० रुपये झाला. एवढ्या रकमेंत महिनाभर सायकल चालती ठेवावयाची विद्या आमच्या पोस्टमनास साधलेली आहे. आम्हांस ती साधेल असें वाटत नाहीं.

आजोबांच्या मागून घरांतील पुरुष सायकलीवर वाढले. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सर्व दादा म्हणत असूं, आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या दक्षिणेस एका कारखान्यांत कामास होता. १९८३ च्या डिसेंबरांत पहाटेच्या पाळीस जातांना मागून आलेल्या मालमोटारीखालीं तो सांपडला. अंधार होता, धुकेंही होतें. त्याच्या सायकलीचा मागचा तांबडा दिवा आदल्या आठवड्यांत फुटला होता, व नवा पगार झाल्यावर आणावयाचा होता. दोष कोणाचा, हें अखेरपर्यंत ठरलें नाहीं. दादाच्या आईनें, म्हणजे आमच्या काकूंनीं, त्यानंतर सायकल हा शब्द कधीं उच्चारला नाहीं. कोणास मनाईही केली नाहीं. पण आजोबांची सायकल त्या उन्हाळ्यांत मोडींत गेली, आणि धुळ्याच्या काय किंवा जळगांवच्या काय, आमच्या कोणत्याच घरांत पुन्हां सायकल आली नाहीं. काकू आज सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. धुळ्यास जुन्या घरांत धाकट्या मुलाजवळ असतात. कानांनीं कमी ऐकतात, पण डोळे अजून शाबूत आहेत.

पुतण्याची बाजूही पोरकट नव्हती. तो शिरसोली रस्त्यावरील एका संस्थेंत कामास आहे. दिवसभर बैठें काम, जातां-येतां मोटारसायकल, आणि सत्ताविसाव्या वर्षीं रक्तदाबाची गोळी सुरू झालेली. डॉक्टरांनीं त्याला रोज घाम निघेल असें कांहीं करण्यास सांगितलें होतें, व दोन वेळां सांगून तें झालें नव्हतें. तो म्हणाला, "दादाकाका मोठ्या रस्त्यानं गेले. मी मोठ्या रस्त्यानं जाणारच नाही." त्यानें एक वाट शोधून ठेविली होती. जुन्या जळगांवांतून मेहरूण तलावाच्या कांठानें, मग शेताशेतांतून जाणारी गाडीवाट धरून संस्थेच्या मागल्या अंगास निघावयाचें. अंतर आठ किलोमीटरांच्या जागीं दहा होतें. पण त्या वाटेवर मालमोटार येत नाहीं, कारण ती येऊंच शकत नाहीं. मेहरूणची बोरें खाल्लेल्या वाचकांस तो भाग ठाऊक असेल. मीं स्वतः एका रविवारीं ती वाट पायीं चालून पाहिली. अर्धी मुरमाची, अर्धी काळ्या मातीची. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या, मधून दोन ओहोळ. साध्या काळ्या सायकलीनें तेथून रोज जाणें म्हणजे हाडें खिळखिळीं करून घेणें होतें. तेव्हां आधीं रस्ता ठरला, आणि मग त्या रस्त्यास कोणती सायकल लागते तें पाहावयाचें असा क्रम झाला. बहुतेक लोक याच्या उलट करितात व मागाहून पस्तावतात.

ज्यांस सायकलीच्या अंगोपांगांत गोडी नसेल त्यांनीं पुढील मजकूर थोडा गाळला तरी चालेल. पण ज्यांच्या घरांत मुलें सायकलीसाठीं हट्ट धरून बसलीं असतील त्यांनीं तो अवश्य वाचावा. पुतणीच्या फोटोंतील सायकल ज्या जातीची होती तीस हार्डटेल म्हणतात. पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग, म्हणजे आपल्याकडे दुकानांत ज्याला शॉकअप म्हणतात तो, आणि मागची बाजू अगदीं ताठ. हा डोंगरी सायकलींतील एक प्रकार आहे, आणि डोंगरी सायकलीची कथा मोठी मौजेची आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यांत, कांहीं तरुणांनीं जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या, अवजड सायकली मोडींतून उचलल्या आणि टॅमलपायस नांवाच्या डोंगरालगतच्या कच्च्या वाटांनीं त्या उतारावरून सोडण्यास आरंभ केला. १९७६ सालीं तेथें जी शर्यत सुरू झाली तिचें नांव 'रिपॅक'. एकदां उतार उतरला कीं मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे, म्हणून हें नांव! पुढल्याच वर्षीं जो ब्रीझ नांवाच्या गृहस्थानें अशा वाटांसाठीं मुद्दाम नवी चौकट घडविली, आणि पुढच्या चिमट्यांतील शॉकअप बाजारांत आला तो १९८९ च्या सुमारास. आमच्याकडे दूधवाले दोन्ही बाजूंस चरव्या लावून शेतांच्या बांधावरून ज्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या नेत आले, त्यांचीच ही दूरची बहीण म्हणावयाची. फक्त तिकडील पोरांनीं मौजेसाठीं केलें, इकडे पोटासाठीं.

जळगांवच्या दुकानांत गेलों तों दुकानदार डबल शॉकअपवाली, म्हणजे मागेंही स्प्रिंग असलेली, सायकल पुढें करूं लागला. दिसावयास ती मोटारसायकलीसारखी भारदस्त, आणि किंमतही फारशी अधिक नाहीं. येथेंच फसगत होते. मागचा शॉकअप चांगला हवा तर किंमत एकदम कितीतरी पटींनीं वाढते. स्वस्तांतला घेतला तर पायडलावर दिलेला निम्मा जोर तो स्प्रिंग दाबण्यांतच खातो, वजन वाढतें, आणि त्याच्या सांध्यांत आमची काळी धूळ शिरली कीं वर्षाच्या आंत तो कुरकुरूं लागतो. ताठ मागची बाजू ही उणीव नव्हे. तेथें मोडण्यासारखें कांहीं नाहीं हाच तिचा गुण. खड्डा आला तर सीटवरून किंचित् उठावें, गुडघे हाच मागचा शॉकअप.

चौकटीच्या मापाकडे आपले लोक लक्षच देत नाहींत. भिंतीशीं अनवाणी उभें राहून, मांड्यांमध्यें एक जाड पुस्तक घट्ट धरून, पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. पुतण्याचें तें बत्तीस इंच भरलें. दुकानांत एकोणीस इंची चौकट शिल्लक होती म्हणून तीच त्याला कशी शोभते हें दुकानदार सांगत होता. आम्हीं आठ दिवस थांबून सतरा इंची मागविली. चाकें एकोणतीस इंची घेतलीं, कारण मोठें चाक गाडीच्या चाकोरींत अडकत नाहीं. पुढचा शॉकअप शंभर मिलीमीटर दबणारा. डांबरी रस्त्यावर तो आंवळून ठेवण्याची कळ असलेला. ब्रेक चकतीचे, परंतु तेलाचे नव्हेत, तारेचे. या एका गोष्टीवर पुतण्याचा व माझा अर्धा तास वाद झाला. तेलाचा ब्रेक हलक्या बोटानें लागतो हें खरें. पण तो बिघडला तर जळगांवांत त्याला हात लावणारे दोघे-चौघे, आणि शिरसोलीस कोणीही नाहीं. तार काय, कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळेल. गिअरही त्याच न्यायानें पुढें तीन व मागें आठ असे घेतले, कारण हल्लींच्या बारा दांतचक्रांची साखळी तुटली तर मुंबईकडे तोंड करून बसावें लागतें. आणि टायर व चौकट यांमध्यें दोन बोटें जागा आहे कीं नाहीं तें पाहिलें. ज्यानें मृगाच्या पावसांत काळ्या रानांतून सायकल ढकलली आहे त्याला याचें कारण सांगावयास नको. चिखल अडकून चाक असें बसतें कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

किंमत अठ्ठावीस हजार. या किंमतींत स्टँड नाहीं, मडगार्ड नाहीं, घंटा नाहीं, दिवे नाहींत! आजोबांच्या सायकलीस हें सर्व अंगचेंच होतें. स्टँड, मडगार्ड व घंटा तेथेंच बसवून घेतली. जाणें-येणें उजेडींच व्हावयाचें, म्हणून दिव्यांचें मागाहून पाहूं असें ठरलें.

पैशांचा प्रश्न सोपा निघाला. पुतण्याच्या संस्थेंत विलायतेसारखी योजना नाहीं. पण खानदेशांत ज्या नोकरदाराच्या घरीं पतपेढी ठाऊक नाहीं असें घर विरळा. जळगांवची ग. स. सोसायटी आणि धुळ्याची ग. स. बँक हीं नांवें आमच्याकडील कारकून-मास्तरांच्या घरांत नातेवाईकांसारखीं घेतलीं जातात. लग्न, घराची कौलें, मुलांच्या फिया, सगळें त्यांच्या हप्त्यांवर चालत आलेलें. संस्थेच्या नोकरांचीही लहानशी पतपेढी आहे, तिच्याकडून बारा हप्त्यांचें कर्ज काढलें. करांत सूट नाहीं, उलट व्याज आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत सायकलीवरील वस्तु व सेवा कर बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो सरकारचा हातभार. नोकरानें मोटार घेतली तर तिच्यासाठीं सतरा योजना पुढें येतात, आणि सायकल घेणाऱ्यास पतपेढीच्या दारांत दोन जामीन उभे करावे लागतात, हें मला तरी उलटें वाटतें.

माझे धाकटे बंधु, म्हणजे मुलाचे वडील, एकाच गोष्टीवर अडून बसले. "काकूंना दाखविल्याशिवाय ही वस्तु माझ्या दारांत उभी राहायची नाही." फोनवर हें बोलणें शक्य नव्हतें. तेव्हां धुळ्यास जावयाचें ठरलें. सायकल मोटारींत घालून नेणें म्हणजे घोडा पालखींत बसवून नेण्यासारखें होतें. म्हणून पुतण्या नव्या सायकलीवर आणि मी शेजाऱ्यांच्या जुन्या काळ्या सायकलीवर, अशी आमची स्वारी गेल्या पौषांतल्या एका शनिवारीं सकाळीं निघाली. माझें वय सहासष्ट. सौभाग्यवतीनें दशम्या, चटणी, व आयोडेक्सची बाटली बांधून दिली.

जळगांवाहून धुळें हमरस्त्यानें नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एरंडोल, पारोळें करून सरळ जातां येतें. सुरत–नागपूरचा हा रस्ता पूर्वीं ६ क्रमांकाचा होता, हल्लीं ५३ आहे, आणि तो रुंद झाल्यापासून मोटारींस फार सोयीचा झाला आहे. आमचा रस्ता निराळा होता. धरणगांव, अमळनेर असा उत्तरेनें वळसा घेऊन जावयाचें. वाटेंत मुक्काम अमळनेरास. फक्त गिरणेचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत जाण्यापुरता हमरस्ता आम्हांस घ्यावा लागला. तेवढ्या वाटेंत आम्ही दोघेही एक शब्द बोललों नाहीं. पुलावर मालमोटार बाजूनें जाते तेव्हां आधीं वारा ढकलतो आणि मग ओढतो. काळी सायकल अशी थरथरते कीं हँडल हातांत राहात नाहीं. पुतण्या माझ्या मागें होता, आणि मला सारखा मागें वळून पाहण्याचा मोह होत होता. वळून पाहिलें तर हँडल वळतें, म्हणून पाहिलें नाहीं. पाळधीस उजवीकडे वळल्यावर आम्ही दोघे एका निंबाखालीं उतरलों आणि पाणी प्यालों.

तेथून पुढें खानदेशचें रान सुरू झालें. पौषांतली थंडी, दादर ज्वारी कमरेच्यावर आलेली, हरभऱ्यास घाटे धरलेले, आणि कापसाची शेवटची वेंचणी चाललेली. ज्यांनीं हा मुलूख वैशाखांतच पाहिला आहे, त्यांच्या मनांत तो भट्टीसारखा राहतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा येथें नवलाचा नव्हे. पण मार्गशीर्ष-पौषांत येथें सायकलीवर बसावें. डांबरी रस्त्यावर, खरें सांगावयाचें तर, माझ्या काळ्या सायकलीनें नवीस हार दिली नाहीं तरी लाजही आणली नाहीं. ताठ बसावयाचें, चारी बाजूंचें दिसतें, धोतराला वंगण लागत नाहीं. नवीवर पुतण्या वांकून बसलेला आणि तिचे जाड टायर रस्त्यावर भुंग्यासारखे गुणगुणत होते. परंतु एका ठिकाणीं आम्हीं मुद्दाम शेतांतली वाट धरली, आणि तेथें प्रकार पालटला. मी चाकोरींतून उतरून सायकल हातीं धरली तोंवर तो ओहोळ उतरून पलीकडच्या चढावर पोंचला होता. शॉकअप दबतो व उसळतो तें मागून पाहण्यांत मौज होती. मागचें चाक मात्र प्रत्येक दगडास प्रामाणिकपणें हाक देत होतें.

कापूस वेंचणारा एक शेतकरी बांधावर येऊन नव्या सायकलीभोवतीं फिरला. "कितलामा लिधी?" त्यानें अहिराणींत विचारलें. पुतण्यानें किंमत सांगितली. "अठ्ठावीस हजारमा तं बकऱ्या येतस!" असें म्हणून त्यानें पुढचा चिमटा दोनदां दाबून पाहिला, मागचें सीट दाबून पाहिलें, आणि मागें स्प्रिंग नाहीं हें कळतांच दुकानदारानें आम्हांस फसविलें असा निकाल दिला. पुतण्यानें गुडघ्यांचें तत्त्वज्ञान सांगावयास आरंभ केला. तें त्याला पटलेलें दिसलें नाहीं. त्यानें आम्हांस ओंजळभर ओला हरभरा दिला.

पुढें माझें पंक्चर झालें, आणि अर्ध्या तासानें त्याचें. कारण एकच : सराटे. वेड्या बाभळीचा कांटा दिसतो तरी. सराटा धुळींत लपतो आणि कोणत्याही बाजूनें पडला तरी एक टोंक वर ठेवितो. गांवच्या पंक्चरवाल्यानें माझी ट्यूब पाण्यांत बुडवून पांच मिनिटांत काम केलें. पुतण्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह त्याच्या हातपंपास बसेना. पण आम्हीं घेतांना मोटारसायकलीसारखाच व्हॉल्व्ह पाहून घेतला होता, त्यामुळें शेजारच्या हवेच्या यंत्रावर काम भागलें. बारीक नळीचा विलायती व्हॉल्व्ह असता तर तेथून सायकल बैलगाडींत घालावी लागली असती.

धरणगांवास चहा घेतला. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें भिल्लांची पलटण उभारली ती याच गांवीं. पण आमच्या मनांत या गांवाचें स्थान निराळें आहे. येथेंच १८९० सालीं बालकवी जन्मले. आणि १९१८ च्या मे महिन्यांत जळगांवापलीकडे भादली स्टेशनाजवळ रुळांवर त्यांचा अंत झाला, वय अवघें अठ्ठावीसही पुरें नव्हतें. पुतण्यास हें ठाऊक नव्हतें. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे माझ्याएवढेच." मीं मान हालविली, आणि त्यानंतर बराच वेळ आम्ही शेजारीं शेजारीं चाललों, त्या रस्त्यावर तसें चालतां येतें.

अमळनेरास पोंचलों तेव्हां सूर्य कलला होता. बोरी नदीच्या पात्रांतील सखाराम महाराजांची समाधि, श्रीमंत प्रतापशेठांनीं १९१६ सालीं उभारलेलें तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजी जेथें मास्तर होते तें प्रताप हायस्कूल, हें सारें एका लहानशा गांवांत. जगभर संगणकांत नांव मिळविलेली विप्रो कंपनी १९४५ सालीं येथेंच वनस्पति तुपाचा कारखाना म्हणून जन्मली, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत साहित्य संमेलन भरलें तेंही येथेंच. रात्रीं ज्यांच्याकडे उतरलों त्यांनीं भरीत व कळण्याची भाकरी वाढली. माझ्या मांड्यांस आयोडेक्स लावण्याचें काम पुतण्यानें केलें, आणि तें करीत असतां विचारलें, "काका, आजींना काय सांगायचं?" मीं सांगितलें कीं, मला ठाऊक नाहीं.

दुसऱ्या दिवशींचें अंतर चाळीस किलोमीटरांच्या आंतलें. दहा वाजतां धुळें दिसूं लागलें. या शहराची एक मौज बाहेरच्या मंडळींस फारशी ठाऊक नाहीं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यानें पांझरेच्या कांठीं आपलें ठाणें केलें आणि शहराची नवी आंखणी केली. सरळ रस्ते, त्यांस मिळणाऱ्या सरळ गल्ल्या, आणि गल्ल्यांस नांवांच्या जागीं क्रमांक. आजही पत्ता सांगावयाचा तर 'गल्ली नंबर चार' असाच. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं येथेंच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्यांचीं दप्तरें सांभाळीत आहे. आजोबा रविवारीं त्या मंडळांत जुने कागद पाहावयास जात, अर्थात् सायकलीवरून. दक्षिणेकडे आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला धुरकट दिसत होता. त्या बाजूस आम्ही वळलों नाहीं.

काकू ओट्यावर वाती वळीत बसल्या होत्या. आम्ही येणार हें त्यांस सांगितलेलें होतें. कसे येणार हें कोणी सांगितलें नव्हतें. मी काळी सायकल भिंतीशीं लावून पायां पडलों. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं. त्या पाहात होत्या गल्लींत उभ्या राहिलेल्या मुलाकडे, ज्याच्या हातांत हँडल होतें आणि ज्याला तें सोडावें कीं धरून ठेवावें हें सुचत नव्हतें.

"वर घे," त्या म्हणाल्या. "उन्हांत कशाला ठेवतोस?"

त्यानें सायकल उचलून ओट्यावर घेतली. काकूंनीं वातींचें तबक बाजूस सारलें. त्यांनीं टायरावरची माती नखानें खरवडून पाहिली, आणि कोणत्या वाटेनें आलांत तें विचारलें. पुतण्यानें मोठ्यानें, एकेक गांव घेत, सांगितलें. मग तो आपल्या रोजच्या वाटेविषयीं बोलूं लागला : मेहरूण, तलाव, गाडीवाट, मालमोटार येत नाहीं, मोठा रस्ता फक्त एकदां ओलांडावा लागतो. काकू ऐकत होत्या कीं नाहीं कोण जाणे. त्यांचा हात सीटखालून मागें गेला आणि मडगार्डच्या टोंकापाशीं थांबला.

"याला मागं दिवा कुठं आहे?"

कोणी उत्तर दिलें नाहीं. मला तेव्हां पहिल्यानें उमगलें कीं, चौकटीचें माप, ब्रेक, व्हॉल्व्ह, सगळें आम्हीं तासन्‌तास घोळून पाहिलें, आणि ही एवढी गोष्ट मागाहून पाहूं म्हणून सोडून दिली. आणि सोडून देणारा मीच, ज्याला ती सर्वांत आधीं आठवावयास हवी होती. पुतण्या म्हणाला, "आजी, मी उजेडातच जाणार-येणार आहे."

"पावसाळ्यात पाचला अंधारतं," काकू म्हणाल्या, आणि वाती पुन्हां जवळ ओढल्या.

जेवणें होईपर्यंत आम्ही थांबलों नाहीं. बाजारांत दुकानें उघडीं होतीं. तांबडा लुकलुकणारा एक दिवा मागें लावण्यास, आणि एक पांढरा पुढें. दोन्ही मिळून साडेसातशें रुपये. ते मीं दिले. पुतण्यानें हप्त्यांत धरावे म्हणून फार आग्रह केला, पण घेतले नाहींत. परत आल्यावर काकूंनीं माजघराचीं दारें लोटून घ्यावयास सांगितलीं, आणि अंधारांत तो दिवा लावून दाखविण्यास फर्माविलें. मग त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मागें गेल्या व तेथून पाहिलें. मग परसदारापर्यंत गेल्या, आणि तेथूनही पाहिलें. दिवा लुकलुकत होता.

"विजेवर भरायचा का हा?"

"हो आजी. एकदा भरला की आठवडाभर पुरतो."

"मग शनिवारचा वार ठरव," त्या म्हणाल्या, आणि पानें मांडावयास सांगितलें.

रात्रीं निजण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस बजावलें कीं, पूर्ण उजाडल्याशिवाय निघावयाचें नाहीं. सोमवारीं सकाळीं, दह्याची कवडी हातावर घेऊन, आम्ही आल्या वाटेनेंच परत निघालों. ऊन चांगलें वर आलें होतें. गल्लीच्या टोंकाशीं वळतांना मीं पाहिलें, तों पुतण्याच्या सायकलीचा मागचा तांबडा दिवा चालूच होता.